कादंबरीचा डावा गुडघा

८ नोव्हेंबर १९९८, रविवार

आंतरमहाविद्यालयीन हँडबॉलचा अंतिम सामना. लेकीचं कॉलेज १९-१७ ने पुढे. सहा मिनिटं उरली असताना कादंबरी उजवीकडून आत घुसली, उडी मारली, गोल केला आणि डाव्या पायावर उतरली. कोणाचाही धक्का लागलेला नव्हता. पाऊल जागेवर राहिलं आणि बाकीची कादंबरी वळली. मी तिसऱ्या रांगेत होतो. आवाज मला तिथे ऐकू आला. ओली फांदी मोडावी तसा.

गोल धरला गेला. २०-१७.

मी जवळ पोचलो तेव्हा ती पाठीवर पडून हॉलच्या छताकडे बघत होती. रडत नव्हती. चेहरा कसा होता ते नीट लिहून ठेवतो, डॉक्टर कदाचित विचारतील. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आलेल्या मुलांचा असतो तसा होता. धक्क्यामुळे असं होत असावं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"हाँ," ती म्हणाली. "बहुत."

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. इथे चंदीगडला शाळेत घातल्यापासून असंच आहे. आता एकोणीस वर्षांची झाली.

तिच्या कोचनी, ढिल्लों सरांनी, बर्फ लावला. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. शालिनी सामने बघायला येत नाही, ती घरीच होती. दार उघडून तिने आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ बघत होती.

११ नोव्हेंबर, बुधवार

मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. चारुदत्त खानझोडे यांना दाखवलं. नागपूरचे आहेत, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. त्यांनी सुईने गुडघ्यातलं रक्त काढलं, मग दोन्ही हातांनी नडगी धरून पुढे ओढली. आलमारीचा खण ओढावा तशी ती पुढे आली.

"पुढचा लिगामेंट तुटून गेला आहे," ते म्हणाले. "पार. आता दोन रस्ते आहेत. चालणं, जिने, रोजची कामं एवढंच पाहिजे असेल तर नुसत्या व्यायामानेही जमू शकते. पण उडी मारून वळायचं, पळतापळता थांबायचं, असा खेळ खेळायचा असेल तर नवीन लिगामेंट बसवावा लागतो. मांडीच्या मागचा कंडरा काढून त्याचाच बनवतो. काय करायचं आहे कादंबरीला?"

"खेळायचंय," मी सांगितलं. "पुढच्या नोव्हेंबरात रेल्वेच्या संघाची निवड आहे. नोकरी आणि खेळ दोन्ही."

कादंबरी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होती.

४ फेब्रुवारी ही तारीख मिळाली. एवढी लांबची का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सुजलेल्या आखडलेल्या गुडघ्याला मी हात लावत नाही. आधी सूज जाऊ द्या, पाय काठीसारखा सरळ होऊ द्या, मांडी भरू द्या. ऑपरेशन माझं काम, तयारी तुमचं काम. तुमचं कठीण आहे."

८५ दिवस आहेत. भरपूर आहेत.

१५ नोव्हेंबर, रविवार

तयारी सुरू. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपी विभागात सरोज मॅडम आहेत, रोहतकच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, हात मात्र हलका. मंगळ, गुरु, शनि तिकडे जायचं. बाकी दिवस घरी: मांडी आवळून दहा अंक मोजणे, टाचेखाली उशी ठेवून गुडघा दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे. पुढे घोट्याला वाळूची पिशवी बांधून.

गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर मांडीचा घेर मोजला. उजवी ४७.५, डावी ४५. मी आलेख-कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. विद्यापीठात एकवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय, घरात पहिल्यांदाच उपयोग होतोय.

ग्राउंडवर जायला तिला मी पावणेपाचला उठवत असे. आताही त्याच वेळेला उठवतो. सवय मोडू नये. ती उठते, डोळे मिटूनच दहा अंक मोजते.

तिला एकटं वाटू नये म्हणून मीही शेजारी सतरंजीवर पडून सगळे व्यायाम करतो. माझा उजवा गुडघा जिना उतरताना कधीकधी निसटतो, त्याला व्यायाम चांगलाच. हा गुडघा १९७१ चा. कराडला कबड्डीच्या जिल्हा निवडीत चढाईला गेलो होतो, तिघांनी पकड केली, पाय अडकून राहिला. आंबेहळदीचा लेप लावून महिनाभर झोपून होतो. नंतर वडील म्हणाले, झालं तेवढं पुरे, आता अभ्यास. त्यांचं चूक नव्हतं. त्या वेळी मांडी मोजायची असते हे कोणालाच माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, रविवार

ढिल्लों सर घरी येऊन गेले. पत्नीने केलेल्या पिन्न्यांचा, म्हणजे कणीक-तुपाच्या लाडवांचा, डबा आणला होता.

"बेटा, तेरी जगह किसी को नहीं दूँगा," ते म्हणाले.

"जी सर," कादंबरी म्हणाली आणि आणखी एक पिन्नी घेतली. तिसरी. खाणं चांगलं आहे.

जाताना ते फाटकाशी थांबले. "घोरपडे जी, बच्ची को थोड़ा आराम भी करने दो."

मी सांगितलं, व्यायाम सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास, बाकी पूर्ण आरामच आहे. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि स्कूटर सुरू केली.

२ डिसेंबर, बुधवार

सूज गेली. पाय पूर्ण सरळ होत नाही, गुडघ्याखाली अजून तीन बोटं फट राहते. मांडी ४४.८. म्हणजे कमी झाली. टेपची शंका आली म्हणून शिंप्याकडून दुसरी टेप आणली. ४४.६.

संध्याकाळी शालिनी मेथी निवडत होती. मी आलेख दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही तिला विचारलंत का?"

"काय?"

तिने मेथीची पुढची जुडी ओढली. "काही नाही," म्हणाली. "ती काडी बाजूला टाका, मेथीत पडली."

वाळूची पिशवी एक किलोची आहे. दीड किलोची करावी लागेल.

१० डिसेंबर, गुरुवार

शालिनीने शिवलेली दीड किलोची पिशवी द्यायला दुपारी फिजिओथेरपी विभागात गेलो. कादंबरी तिथे नव्हती.

"आज नहीं आई," सरोज मॅडम म्हणाल्या. "मंगल को भी नहीं आई. उससे पहले भी दो बार. बुखार चल रहा था न?"

मी हो म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही.

संध्याकाळी तिला विचारलं, आज काय करून घेतलं.

"साइकिल. पंद्रह मिनट."

मी तक्त्यात पंधरा मिनिटं लिहिलं. पेनने.

१५ डिसेंबर, मंगळवार

तिसऱ्या तासाला सुट्टी टाकली आणि तिच्या रिक्षामागे स्कूटर घेऊन गेलो. हे करणं योग्य नाही याची कल्पना आहे. नोंद केली पाहिजे म्हणून करतो.

रिक्षा इन्स्टिट्यूटकडे वळलीच नाही. विद्यापीठातच, स्टुडंट सेंटरसमोरच्या हिरवळीवर थांबली. तिथे तिच्या वर्गातली मधुरिमा बसली होती. ऊन चांगलं होतं. कादंबरी काठी टेकत गवतावर गेली, आधी बसली, मग आडवी झाली. दोघी किन्नू संत्री सोलून खात होत्या. मी दोनशे फुटांवर एका बाकावर होतो.

मला वाटलं कोणी मुलगा येईल. कोणी आलं नाही. मला वाटलं पुस्तक काढेल. काढलं नाही. मधुरिमा काहीतरी सांगायची, मग कादंबरी हसायची. एकदा इतकी हसली की उठून बसली. मग पुन्हा आडवी. एकदा डोळ्यांवर हात घेऊन वीस मिनिटं झोपली. दोन तास दहा मिनिटांत एवढंच झालं. पुन्हा लिहितो, एवढंच झालं.

हाक मारावी असं दोनदा वाटलं. दुसऱ्यांदा उठलोही, पण गुडघा निसटला आणि पुन्हा बसावं लागलं.

१६ डिसेंबर, बुधवार

पावणेपाचला उठवलं. तिने दहा अंक मोजले. मीही मोजले. ती हसताना कशी दिसते ते बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, एवढं मात्र दिवसभर डोक्यात होतं. याचा गुडघ्याशी संबंध नाही.

मांडी ४४.४.

२९ डिसेंबर, मंगळवार

डॉ. खानझोड्यांकडे तपासणी. धुकं इतकं की सेक्टर पंधराचा चौक मी दोनदा ओलांडला. आलेख गुंडाळी करून बरोबर नेला होता.

त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, मांडी दाबून बघितली. मग आलेख उलगडला.

"आलेख फार छान आहे सर," ते म्हणाले. "मांडी नाही. सात आठवड्यांत चढायला पाहिजे होती, ही उतरून राहिली. कारण काय असेल?"

"थंडीत स्नायू जरा..." मी सुरुवात केली.

"सर, तुम्ही नाही. मी तिला विचारून राहिलो."

खोलीत हीटर होता, त्याचा आवाज येत होता. कादंबरी पायाकडे बघत होती. मग ती बोलली, आणि मराठीत बोलली.

"मला नाही खेळायचं."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू ती आपलं वजन किती तेच सांगत होती. "कधीपासून?"

"आठवीपासून."

तिचा 'खेळायचं'मधला ळ अगदी स्वच्छ आहे. हे मला माहीत नव्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी त्याचाच विचार करत होतो. आठवी म्हणजे सहा वर्षं. रविवार आणि आजारपणं सोडून सुमारे अठराशे सकाळी.

"मग हिशेब बदलला," डॉक्टर म्हणाले. "खेळायचं नसेल तर ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही. व्यायाम मात्र दोन्हीकडे सुटत नाही. तारीख राहू देतो. दहा जानेवारीपर्यंत फोन कर. तू कर."

येताना स्कूटरवर ती मागे बसली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, स्टेपनीला धरून बसली.

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

नवीन डायरी. पावणेपाचला जाग आली. कोणाला उठवायचं नव्हतं. पडून राहिलो.

४ जानेवारी, सोमवार

शालिनीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तीनदा. दरवेळी तुम्ही म्हणालात, सामन्याआधी असं वाटतं."

मी असं म्हणालो असेन असं मला वाटेना. दुपारी ट्रंकेतून जुन्या डायऱ्या काढल्या. १९९५, १७ सप्टेंबर: "शालिनी म्हणते कादंबरीला खेळाचा कंटाळा आलाय. सामन्याआधी असं वाटतं." अक्षर माझंच आहे. बाकीच्या दोन नोंदी शोधल्या नाहीत.

६ जानेवारी, बुधवार

ढिल्लों सरांना सांगायला ग्राउंडवर गेलो. मुली गोलपोस्टला जाळी बांधत होत्या. कसं सांगायचं ते मी वाटेत तीन प्रकारे जुळवलं होतं. पहिलंच वाक्य अर्धं झालं आणि ते म्हणाले, "मुझे पता है जी."

"कसं काय?" मी मराठीतच विचारलं. त्यांना समजलं.

"दो साल पहले मेरे पास आके रोई थी. मैंने कहा, घर पे बता दे पुत्तर, मैं तो कुछ नहीं कहूँगा. कहने लगी, सर, बाबा सुबह चार बजे उठ के मेरे लिए दूध गरम करते हैं. मैं कैसे बोलूँ?"

मी चारला नाही, सव्वाचारला उठत असे. दुरुस्ती केली नाही.

त्यांनी चहा मागवला. आम्ही दोघं पायरीवर बसून चहा प्यालो. ते म्हणाले, खेळाडू म्हणून पोरगी चांगली होती, खोटं नाही बोलणार. मीही तेच म्हणालो.

९ जानेवारी, शनिवार

कादंबरी लायब्ररीच्या जिन्यावर पडली. धक्का नाही, घाई नाही. पाचव्या पायरीवर गुडघा निसटला. मधुरिमाने धरलं म्हणून खालपर्यंत गेली नाही. गुडघा पुन्हा सुजला.

तिने स्वतः डॉक्टरांना फोन केला. मी आतल्या खोलीत होतो. "जी... जी... हो, कळलं," एवढं ऐकू आलं. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शालिनी पोळ्या करत होती, मी पाटावर होतो.

"ऑपरेशन करना है," ती म्हणाली. "डॉक्टर बोले, अंदर की गद्दी भी शायद फट गई है. चार फरवरी को ही करेंगे."

"रेल्वेसाठी?" मी विचारलं. हा प्रश्न तोंडून निघून गेला.

"नहीं बाबा. सीढ़ियाँ उतरते डर लगता है. भाग के बस पकड़नी होती है. मधुरिमा लोग मई में शिमला जा रहे हैं, मुझे भी जाना है."

"खेळायला नाही."

"नहीं."

शालिनीने गॅस बारीक केला. तव्यावर पोळी होती, ती तशीच राहिली.

"बरं," मी म्हटलं. हे म्हणायला वेळ लागला, पण म्हटलं.

"गुस्सा हो?"

मी आत शोधून बघितलं. राग सापडला नाही. दुसरं काहीतरी होतं, त्याला नाव देता आलं नाही. "नाही," म्हणालो. खरं होतं ते.

पोळी करपली होती. ती मीच खाल्ली.

१७ जानेवारी, रविवार

कपाटाच्या दारावरचा आलेख काढला. गोंदाचे चार डाग राहिलेत.

कादंबरी आता सातला उठते. कोणी उठवत नाही. आंघोळीआधी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. मंगळ, गुरु, शनि सरोज मॅडमकडे जाते. काल मुद्दाम नव्हे, कामानिमित्त तिकडून जाणं झालं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अब लड़की पसीना निकाल रही है." घेर ती स्वतःच मोजते आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते. मी विचारत नाही. कॅलेंडर भिंतीवरून पडलं तेव्हा दिसलं: ४४.२, ४४.५, ४५.१. तीच पिशवी, तीच टेप, दिवसही कमी. याची कारणमीमांसा मला करता येत नाही.

आज मी शेजारी सतरंजीवर पाय उचलत होतो. ती टेप घेऊन आली. "बाबा, सीधे लेटो." दहा सेंटिमीटरवर पेनने खूण केली, दोन्ही मांड्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. डावी ४८. उजवी ४४.५.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा पण तुटलाय."

मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, बुधवारी माझ्याबरोबर चला. मराठीतच म्हणाली.

२० जानेवारी, बुधवार

डॉ. खानझोड्यांनी माझा गुडघा दोन्ही हातांत धरून ओढला. खण पुढे आला.

"किती वर्षं झाली?"

"सत्तावीस."

"याच्यावर चालून राहिले तुम्ही सत्तावीस वर्षं?"

मी म्हटलं, चालण्यासारखा होता.

त्यांनी एक्स-रेचा फोटो बघून सांगितलं: आत झीज झाली आहे, आता लिगामेंट बसवून उपयोग नाही, व्यायाम चालू ठेवा, जिन्याला कठडा धरा. मग गुडघ्यावर थाप मारून सहज म्हणाले, "तेव्हा कोणी सांगितलं असतं की ऑपरेशनने पुन्हा खेळता येईल, तर केलं असतं?"

"मला खेळायचं होतं," मी म्हणालो.

उत्तर नीट जुळत नाही हे मला लगेच कळलं. त्यांनी ऑपरेशनचं विचारलं होतं. शिवाय मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण बाहेरच्या बाकावरची कादंबरी पडद्याच्या फटीतून माझ्याकडे बघत होती.

येताना स्कूटरवर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. रस्ता बराच सपाट होता.

३० जानेवारी, शनिवार

भुलीच्या डॉक्टरांनी तपासून पास केलं. रक्त बरोबर. टाच टेकून गुडघा दाबला तर खाली कागद सरकत नाही. गुडघ्यातले स्क्रू दिल्लीहून यायचे होते ते आले, डबीत दोनच आहेत, करंगळीच्या पेराएवढे. कादंबरीने डबी कानाशी धरून वाजवली. शालिनी म्हणाली, ठेव ती, हरवेल.

डावी मांडी ४६.२. हे तिने आपणहून सांगितलं.

३ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी भरती. पलंग खिडकीशी. नर्स फॉर्म भरत होती.

"स्पोर्ट्स इंजरी?"

"हाँ जी."

"क्या खेलती हो?"

"हँडबॉल खेलती थी," कादंबरी म्हणाली.

नर्सने 'प्लेअर' लिहिलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण कादंबरीने आधीच वाकून बघितलं आणि म्हणाली, "सिस्टर, स्टुडंट लिखिए." नर्सने खोडून तसं लिहिलं. सहीच्या जागी मी पेन काढलं, तर नर्स म्हणाली, अठराच्या वर आहे, सही तीच करेल.

तिची सही मी पहिल्यांदा बघितली. 'घोरपडे'तला घ फार मोठा काढते.

४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साडेआठला ट्रॉली आली. हिरवा झगा, केसांना कापडी टोपी. मी आणि शालिनी दोन्ही बाजूंनी चालत होतो. शालिनीने तिचा हात धरला होता. दाराशी वॉर्डबॉयने सांगितलं, बस, यहीं तक.

"बाबा," कादंबरी म्हणाली. "दुखेल का?"

याआधी ती असं विचारायची तेव्हा मी काय सांगत असे ते इथे लिहीत नाही.

"दुखेल," मी म्हटलं.

"खूप?"

"खूप. पहिले दोन दिवस फारच. आम्ही इथेच आहोत."

तिने मान हलवली. दार बंद झालं. शालिनी बाकावर बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं, खरं सांगितलंत."

अकरा वीसला डॉ. खानझोडे बाहेर आले, मास्क गळ्यात. "झकास बसला," म्हणाले. "गादीचा एक तुकडा काढावा लागला, बाकी ठीक. मांडी चांगली बनवून आणली पोरीने."

दुपारी तिला दोनदा उलटी झाली. मग झोपली. पाच वाजता जागी झाली तेव्हा भूल उतरली होती. पाय उशीवर उंच, त्यातून रक्ताची नळी. ओठ दाबून धरले होते. सिस्टरने इंजेक्शन दिलं, असर व्हायला वीस मिनिटं लागतील म्हणाली. शालिनी खाली चहा आणायला गेलेली.

"बाबा, काही बोला ना," कादंबरी म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. खेळ सोडून."

मी बराच वेळ विचार केला. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि मला तिच्याशी बोलायला विषय सापडेना. खाली कोणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, त्याचं एक चाक वाजत होतं.

मग मी तिला १९७७ सालचं सांगितलं. आम्ही दोघं नुकतेच चंदीगडला आलो होतो. पंधरा सेक्टरमध्ये वरचा मजला भाड्याने घेतला होता. पहिल्याच संध्याकाळी रॉकेल आणि मीठ आणायला बाहेर पडलो, आणि परत येताना घर सापडेना. सगळे रस्ते सरळ, सगळी घरं सारखी, सगळ्यांपुढे तसंच फाटक. घराचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घरात राहिली होती. मी तुझ्या आईला म्हटलं, हेच आपलं. जिना चढून वर गेलो, दार ढकललं, तर आत एक सरदारीण बाई वाटाणे सोलत बसलेल्या.

"मग?" कादंबरी म्हणाली. डोळे मिटलेले होते.

त्यांनी आम्हाला बसवलं, पराठे वाढले. तुझ्या आईला हिंदी येत नव्हतं, तिला फक्त 'बस' एवढा शब्द माहीत होता, आणि तो ती चुकीच्या वेळी, ताट पुढे करून, म्हणायची. बाईंना वाटलं अजून पाहिजे. तिने चार पराठे खाल्ले.

ती हसली. हसल्यावर पाय हलला आणि दुखलं, तरी हसली. "मग?"

मग बाईंनी त्यांच्या दिराला बरोबर दिलं. आम्ही तिघं फाटकं मोजत निघालो. मी म्हणत होतो डावीकडे, आई म्हणत होती उजवीकडे...

तिचा श्वास एकसारखा झाला होता. बोटं सैल पडली होती. शालिनी चहाचा थर्मास घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. मी सांगत राहिलो. उजवीकडे वळल्यावर लांबूनच गॅलरीत वाळत घातलेलं हिरवं इरकल दिसलं, शालिनीचं, येतानाच्या प्रवासातलं. त्या सेक्टरमध्ये तसं दुसरं लुगडं नव्हतं. त्यावरून घर सापडलं.

घर सापडेपर्यंत कादंबरी झोपून गेली होती. तरी मी शेवटपर्यंत सांगितलं.